बेरीज आणि निकाल एका दमात

थोरल्या वहिनी ग्रामपंचायतीला उभ्या होत्या. मोजणी आष्टीच्या तहसील कचेरीत होती आणि मी त्यांचा मोजणी प्रतिनिधी होतो. मोजक्या मतांनी त्या मागे पडल्या. फेरमोजणी हवी असेल, तर बेरीज सांगितल्यावर आणि निकाल जाहीर होण्याआधी लेखी अर्ज द्यावा लागतो. त्यासाठी अधिकाऱ्यानं जरा थांबायचं असतं. या साहेबांनी मात्र बेरीज आणि विजयी उमेदवाराचं नाव एका दमात वाचून टाकलं.

वहिनी अर्ज घेऊन पुढं धावल्या. "सायब, थांबा की! माझा अर्ज हाय."

"निकाल लागला, बाई. आता कोर्टात जा."

मी टेबलावर हात आपटला, तर पोलिसानं मलाच बाहेर काढलं.

वहिनी खरंच कोर्टात गेल्या. कित्येक तारखांनंतर न्यायाधीशांच्या हुकमानं मतयंत्राचं निकालाचं बटण पुन्हा दाबलं गेलं. आकडे तेच आले.

"हरले तर हरले. आता इच्चारायचं तरी ऱ्हायलं न्हाई," वहिनी म्हणाल्या आणि मोकळ्या झाल्या.

मी नाही झालो. बटण दाबून आकडे वाचायला घोटभर चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला होता. तेवढ्यासाठी त्या बाईला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावल्या. तो साहेब बाजारात दिसला, की आजही माझ्या अंगाची लाही होते.