एकदाच आत

बस डेपोत तिला सगळे 'डबलबेल' म्हणत. उभी हयात कंडक्टरकी केलेली बाई. तिने दोनदा घंटी मारली की गाडी हलायची, पण ती मारण्याआधी दारातला शेवटचा माणूस आत आला की नाही हे ती स्वतः मान वळवून बघायची. चुकीच्या गाडीत चढलेल्या म्हाताऱ्यांना तिने कधी आडरस्त्यात उतरवलं नाही. मोठ्या थांब्यापर्यंत न्यायची, योग्य गाडीत बसवून द्यायची आणि त्यापायी साहेबांची बोलणीही खायची.

निवृत्त झाल्यावर तिने एकच चैन केली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याची थोरली बहीण, वन्सं, तिच्याच घरी राहत. दोघींचं रोज वाजायचं आणि एकीवाचून दुसरीला करमायचं नाही. वन्संना एकदा हातात बर्फ घेऊन बघायचा होता, तोही गुडघे साफ बसायच्या आत. म्हणून दोघींनी एका कंपनीबरोबर युरोपची सहल ठरवली.

शेवटच्या टप्प्यात बस सीमा ओलांडून शेजारच्या देशात गेली. बाकीच्या देशांना मिळून एकच व्हिसा चालायचा, हा देश त्यात नव्हता. त्याचा वेगळा व्हिसा सगळ्यांकडे होता. तिथे मुक्काम करून पुन्हा आत यायचं, मग बर्फाचा डोंगर.

परतताना नाक्यावर पासपोर्ट तपासायला गेले. सगळ्यांचे परत आले, या दोघींचे आले नाहीत.

"काकू, तुमच्या व्हिसावर प्रवेश एकदाचाच आहे," टूर मॅनेजर खालमानेने म्हणाला. "आपण बाहेर पडलो तेव्हाच तो संपला."

"संपला कसा? पुढच्या महिन्याची तारीख आहे की त्याच्यावर!"

"तारीख आहे, दिवसही शिल्लक आहेत. पण आत शिरायचं एकदाच. बाकीच्यांना कितीही वेळा आत येता येईल असा मिळालाय. तुमचा अर्ज मागाहून गेला, ऑफिसात कुणीतरी चुकीचा भरला असणार."

"असणार? आणि इतके दिवस पासपोर्ट कुणाकडे होते?"

"माझ्याकडे."

"मग बाहेर पडताना डोळे कुठे ठेवले होतेस?"

तो म्हणाला, तुम्ही इथे उतरा, टॅक्सी येईल, बस थांबवता येणार नाही. तिचं टाळकंच सरकलं. मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या वन्सं हळूच म्हणाल्या, "अगं, उतरू आपण. लोकांचा खोळंबा नको."

"तुम्ही गप बसा, वन्सं!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, आमचं हॉटेल चुकेल हो." सकाळीच खोकल्यावर जिला हिने स्वतःजवळची लवंग दिली होती, ती बाई. ते मात्र वर्मी लागलं.

खिडकीतल्या अधिकाऱ्यावर तिचा राग नव्हता. एकेरी तिकिटावर परत येता येत नाही, हे तिनेच हजारोंना सांगितलं होतं. पण ती ते तिकीट देताना सांगायची, माणूस निघायच्या आधी!

तिने वन्संना हात धरून उतरवलं, वर जाऊन मॅनेजरची बॅग उचलली आणि बाहेर ठेवली. "तूही उतर. माणसं वाटेत टाकून गाडी पुढे नेणाऱ्यातला असशील, तर आमच्या नजरेसमोर तरी राहा."

बस स्थानिक गाइडबरोबर गेली. हे तिघं एका गावातल्या लॉजवर राहिले आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच विमानाने घरी आले. वन्सं वाटेत एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या भांडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

कंपनीच्या ऑफिसात साहेब काचेमागून म्हणाला, "कुठला व्हिसा द्यायचा हे दूतावास ठरवतो. आणि सगळं त्यावर छापलेलं असतं. वाचायला हवं होतं."

"सहल दोनदा आत जायची आणि व्हिसा एकदा आत जायचा. हे तुमच्याकडे कुणीच ताडून पाहिलं नाही? की तेही वन्संनी करायचं?"

साहेब फोन घेऊन आत गेला. मग ती रोज जाऊ लागली. खुर्ची दिली तरी बसायची नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणायची, "पासपोर्ट हातात आला की तारखेवर भुलू नका. प्रवेश किती ते बघा. एक लिहिलं असेल तर एकदा बाहेर पडलात की संपलं." दोन कुटुंबं बुकिंग न करताच निघून गेली, तेव्हा साहेबाने विचारलं, "तुम्हाला हवंय तरी काय?"

"घरी येऊन वन्संची माफी मागा."

साहेब आला. खुर्चीच्या कडेवर टेकून माफी मागितली, पुढच्या वर्षीची सहल देऊ केली. वन्संनी त्याला चहा दिला, वर बिस्किटंही! डबलबेलच्या अंगाचा तिळपापड झाला.

तो गेल्यावर ती कडाडली, "चहा कसला पाजता त्याला?"

"दारात आलेला माणूस गं," वन्सं म्हणाल्या. मग भिंतीला धरत उठल्या. दोन पावलं टाकली आणि पुन्हा बसल्या. "पुढच्या वर्षी तूच जाऊन ये."

कपबश्या मोरीत नेऊन तिने अशा आदळल्या की साहेबाच्या कपाचा कान तुटला.