पाचपैकी पाच शब्द

मुलांनो, हे मी, तुमच्या आजीने, तुमच्या बाबांना फोनवर सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे पुन्हा जायचं आहे, आणि त्याआधीची हकीकत माझ्याच शब्दांत कुठेतरी असावी असं वाटतं, म्हणून आता लिहिते. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, लागू द्या. मग बाबांनाही दाखवा.

उन्हाळ्यात मी पंडरीच्या बाजारात पडद्यांचं कापड घ्यायला गेले आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहिल्यावर काय घ्यायला आले तेच आठवेना. असं कोणाचंही होतं. पण त्याच आठवड्यात पुरानी बस्तीत, आपल्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, भाजी घेऊन परतताना घराकडचं वळण सापडलं नाही. तुमच्या आजोबांना फोन केला. ते स्कूटर घेऊन आले, पिशवी पुढे ठेवली आणि मला घरी आणलं.

मग आम्ही दोघं समता कॉलनीत डॉक्टरकडे गेलो; डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत. त्यांनी पाच शब्द सांगितले, मग दुसऱ्याच गोष्टी विचारल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, आता ते शब्द सांगा. मला तीन आले.

मुलींच्या कॉलेजात मी तीस वर्षं पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवलं. हाच प्रयोग दरवर्षी करून घ्यायचे. मुली जोडीजोडीने बसत; एकजण यादीतले शब्द वाचे, दुसरी आठवून सांगे. घड्याळ माझ्या हातात असे. दुसरी यादी सांगताना पहिलीतले शब्द तोंडात येत आणि मुली ओशाळत. जुनं शिकलेलं नव्याच्या आड येतं, असं मी फळ्यावर लिही. "यात तुमचा दोष नाही," असंही म्हणे, आणि पुढच्या बाकाकडे वळे.

तीन शब्द मला सहन झाले नाहीत. राहिलेले दोन आजोबांना विचारले आणि सगळे वहीत लिहिले: चादर, घंटी, नदी, टोपी, गुलाब. रोज सकाळी चहाआधी ते म्हणू लागले.

"काहून घोकून राहिली तू?" आजोबा म्हणाले. "ते डॉक्टरीण काय तुले मेरिटमध्ये आणणार हाय?"

"मला नापास व्हायची सवय नाही."

"मले हाय. विचार मले, कसं व्हायचं ते सांगतो."

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो. आजोबा शेजारच्या खुर्चीत होते. बाईंनी शब्द सांगितले, मधल्या गप्पा झाल्या, मग शब्द विचारले. मी ताठ बसून एका दमात म्हटलं, "चादर, घंटी, नदी, टोपी, गुलाब." पाचपैकी पाच! आजोबांकडे पाहिलं, तर ते खाली फरशीकडे बघत होते.

"मैडम, ये तो पिछली बार के थे," बाई हळूच म्हणाल्या. "आपने रट लिए थे क्या?"

मी हो म्हटलं. नव्या यादीतला एकही शब्द मला सांगता आला नाही.

"अब मैं क्या लिखूँ? ये बीमारी है या आपकी तैयारी, आज पता नहीं चलेगा." पुन्हा तीन महिन्यांनी या, आणि काही पाठ करू नका, असं त्यांनी सांगितलं.

मलाही ते कळत नाही. कळायची एक सोय होती, ती मीच अभ्यास करून घालवली. फळ्यावरचं ते वाक्य अजून तोंडपाठ आहे, पण त्याने झोप लागत नाही. त्या ओशाळलेल्या मुलींना तरी माझं म्हणणं पटत होतं का, कोण जाणे.

घरी येताना आजोबांनी विचारलं, "नवे सांगू का?"

"नको."

चार दिवसांनी मी त्यांच्या सदऱ्याचं बटण लावत होते. दोरा ओवला, बटण चिमटीत धरलं आणि बाईंचा आवाज कानात आला.

"अहो, त्यात बटण होतं ना?"

"हव," ते म्हणाले. पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "यादीत दुसरा होता."

बाकीचे चार मी विचारले नाहीत. नव्या यादीतला एक शब्द माझ्याजवळ आहे.