न बसलेल्या पंगतीची सरकीत

उल्तुगन कोणाच्या लग्नात काय घालून आली होती, हे शिमकेंटमध्ये कोणालाही सांगता येणार नाही, कारण ती कायम स्वयंपाकघराच्या दाराआड असायची. पण तिच्या टेबलावरून भरलेली पिशवी मात्र निम्म्या शहराने घरी नेलेली आहे.

पिशवीशिवाय आमच्याकडे समारंभ संपत नाही. मुलगी सासरी निघालेली असो, नातू पहिलं पाऊल टाकत असो, नाहीतर आजोबांना ऐंशी पूर्ण झालेली असोत. जेवण उरकलं, वडीलधाऱ्याने तळवे उघडून आशीर्वाद दिला, की टेबलावर उरलेलं पाहुण्यांनी आपापल्या पिशवीत भरायचं. मांसाचा तुकडा, कणकेचे चार तळलेले बौरसाक, मनुका, मूठभर चॉकलेटं. ही सरकीत. घरी राहिलेल्यांनी ती खाल्ली की त्यांनाही पंगतीची बरकत मिळते. उल्तुगनचं सगळं कसब यातच होतं: चारशे माणसं पोटभर जेवतील आणि तरीही चारशे पिशव्या भरतील, असं टेबल मांडायचं.

ती एर्गेशच्या हॉलमध्ये होती. पाटीवर हॉलचं नाव एखाद्या राणीला शोभेल असं लांबलचक होतं, पण सगळे एर्गेशचा हॉलच म्हणत. बारा कढया, सात बायका आणि त्यांची मुकादम उल्तुगन. वय बावन्न, मनगटं रुंद, आवाज त्याहून रुंद.

मी तिची शेजारीण. मी मखमलीचे झगे शिवते, समारंभात व्याह्यांच्या खांद्यावर घालतात ते. ते कोणी वापरत नाही. पुढच्या समारंभात दुसऱ्याच्या खांद्यावर घालतात. मी शिवलेला एक निळा झगा तीन वर्षं शहरभर हिंडून माझ्याच नवऱ्याच्या खांद्यावर परत आला होता. त्याला तो आवडला. कोणी शिवलाय, असं त्याने मला विचारलं.

मार्चमध्ये साथीमुळे शहर बंद झालं तेव्हा आम्हाला कळलं की आम्ही सगळे एकाच दोऱ्यात ओवलेले आहोत. लग्नं थांबली तशी बाजारातली मेंढरं विकेनात, फुगेवाला बसला, केस कुरळे करणाऱ्या पोरी बसल्या, कॅमेरेवाले बसले. समारंभात माइक धरणारा कोझाबेक टॅक्सी चालवू लागला. सवय जाईना. गिऱ्हाईक मागच्या सीटवर बसलं की तो आरशात बघून म्हणायचा, "आणि आता आपल्यात आले आहेत आपले लाडके पाहुणे!" मी झगे सोडून मास्क शिवायला घेतले, मखमलीचे. चाळीस अंशांच्या उन्हात मखमलीचा मास्क घालून बघा, म्हणजे माझा धंदा का चालला नाही ते कळेल.

जुलै वाईट गेला. आमच्या गल्लीतून चार माणसं गेली आणि त्यांच्यामागे जेवणही घालता आलं नाही. उल्तुगनची सासू कुल्पाशआपा, वय शहाऐंशी, तीही पडली होती. पण उठली. ती म्हणते, "आजाराला माझा कंटाळा आला."

ऑक्टोबरात एर्गेश उल्तुगनकडे आला. त्याच्यासोबत टाइल्सचा व्यापारी तोलेंदी होता, हातात मोजपट्टी घेऊन.

"ताते," एर्गेश म्हणाला. उल्तुगन त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, तेव्हा तिला तो थोरल्या बहिणीसारखी हाक मारायचा. "अर्धा हॉल मी ह्याला गोदामाला दिलाय. समारंभ परत सुरू झाले तर ठीक. नाहीतर सगळाच देतो."

"स्वयंपाकघरही?"

"टाइल्सना स्वयंपाकघर लागत नाही, ताते."

"मग मला थोडी मुदत दे. कढया थंड झाल्या तर माझ्या बायका चार दिशांना जातील. उद्या तू हॉल उघडशील, आणि चारशे माणसांना मांस उकडून कोण घालेल? तोलेंदी?"

तोलेंदीने मोजपट्टी गुंडाळून खिशात ठेवली.

पहिलं काम एका दातांच्या डॉक्टरणीचं आलं. तिच्या वडिलांना ऐंशी झाली, आणि माणसं जमवायला तर बंदी. "समारंभ नाही तर नाही," ती फोनवर म्हणाली, "पण सरकीत तरी पाठवायला हवी ना? नाहीतर लोक म्हणतील, बापाचं वय लपवलं."

उल्तुगन खूश झाली आणि तिथेच चुकली. तिने नव्वद प्लॅस्टिकचे डबे आणले. प्रत्येकात मांसाचे दोन तुकडे, पाच बौरसाक, सहा चॉकलेटं, वर झाकण, झाकणावर लाल फीत. कोझाबेकने ते टॅक्सीतून घरोघरी नेले आणि संध्याकाळी सतरा डबे घेऊन परत आला.

"काय झालं?"

"लोक घेईनात, ताते. एका आजीने फाटकाआडूनच विचारलं, ह्या टेबलावर बसलं कोण? मी म्हटलं, कोणी नाही आपा, बंदी आहे. तर म्हणते, मग हे उरलं कशातून?"

उल्तुगनने सतरा डबे पुन्हा मोजले. कोपऱ्यातून तिची सासू हसायला लागली.

"केलिन," कुल्पाशआपा म्हणाली. सुनेला ती नावाने कधीच बोलवत नाही. "अगं, तू दुकान उघडलंस. उरलेलं अन्न असं फीत बांधून रांगेत उभं राहतं का? कोणी बसलं नाही, कोणी चाखलं नाही, कोणी आशीर्वाद दिला नाही. ते नुसतं जेवण. जेवण काय, त्यांच्या घरीही आहे."

"मग मी काय करू आपा? दहा माणसं बसवली तर दंड होईल."

"मी बसते."

"एकट्याच?"

"मी एकटी दहा जणांचं बोलते, असं तूच गल्लीभर सांगत फिरतेस ना? मग बसते की दहा जणांच्या जागी."

असं ते सुरू झालं. अर्ध्या हॉलमध्ये टाइल्सच्या पेट्या छताला टेकलेल्या, उरलेल्या अर्ध्यात एक लांब टेबल, नेहमीसारखं गच्च मांडलेलं. एका टोकाला आपा, नवा पांढरा रुमाल डोक्याला बांधून. बाकीच्या ताटांपासून चार हात लांब, तिचं ताट वेगळं. कोझाबेक पेट्यांमागून माइकवर तिचं स्वागत करायचा. ती चहा प्यायची, मांस चाखायची, मीठ कमी आहे असं न चुकता सांगायची आणि मग तळवे उघडायची. कोझाबेक ते फोनवर टिपून घरोघरी पाठवायचा. मग सातही बायका हातमोजे चढवून टेबल आवरायच्या आणि पिशव्या भरायच्या. हाताला येईल तसं, चॉकलेट बौरसाकाला चिकटेल असं. एकही पिशवी परत आली नाही.

आपाच्या अटी मात्र वाढत गेल्या. यजमान कोण, त्याची बायको कोणाची लेक, दोघांचं पटतं का, हे कळल्याशिवाय तिचे तळवे उघडत नसत. एकदा तर तिने खुर्चीच मागे सारली.

"ह्या घरासाठी मी बसणार नाही. ह्यांनी मला अठ्ठ्याण्णव साली बरगडी वाढली होती. चौसष्ट वर्षांची होते मी! त्या वयाच्या बाईला खुब्याचं हाड द्यायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"आपा," उल्तुगन काकुळतीला आली, "ज्याने वाढली तो म्हातारा वारला."

"केव्हा?"

"सहा वर्षं झाली."

आपाने विचार केला. "बरं. मुलाला दोन वाक्यांचा आशीर्वाद देते. तिसरं वाक्य मिळणार नाही."

हिवाळाभर लोक फोनवर आधी हेच विचारायचे: आपा बसणार आहेत ना? बाजारातल्या मेंढरांना गिऱ्हाईक आलं. फुगेवाला पिशवीला एकेक फुगा बांधू लागला. कोझाबेकने टॅक्सीला भाचा जोडीला घेतला. आणि मी उरलेल्या मखमलीच्या पिशव्या शिवायला घेतल्या. श्रीमंत घरं प्लॅस्टिक नको म्हणत होती. मास्कने जे दिलं नाही ते पिशव्यांनी दिलं.

पुढच्या सप्टेंबरात, लस घेतलेल्यांना एकत्र जमायला परवानगी मिळाली. एर्गेशने काचा पुसून घेतल्या. उल्तुगनने बाराही कढया घासून काढल्या. आणि कोणीच आलं नाही.

फोन येत होते, पण पिशव्यांसाठी. "ताते, चारशे माणसं कोण गोळा करणार आता? ती सगळी एकमेकांवर रुसणार, नाचताना पडणार. तुम्ही पिशव्याच पाठवा, बरं पडतं."

महिना असाच गेला. मग एर्गेश आला. ह्या वेळी त्याचा चेहरा उजळलेला होता.

"ताते, उत्तर सापडलं. मागची शेड तुला देतो. तिथे बस आणि पिशव्या बनव. हॉल सगळा तोलेंदीला. पाहुणे म्हणजे नुसता ताप. टाइल्स भांडत नाहीत."

"शेडमध्ये कढया किती मावतील?"

"दोन. दाटीवाटीने तीन."

"दोन कढयांना दोन बायका पुरतात. बाकीच्या पाचजणींना काय सांगू?"

एर्गेश टाइल्सकडे बघू लागला.

दुसऱ्या दिवसापासून उल्तुगनने पिशव्यांची कामं घेणं बंद केलं. ज्याला सरकीत हवी त्याने पंगत बसवावी, असं ती फोनवर सांगायची आणि ठेवून द्यायची. सातही बायका तिच्यावर उखडल्या. कोझाबेक उखडला. एर्गेश म्हणाला, पंधरा दिवस बघतो, मग तोलेंदीला किल्ली. आणि मी? माझ्याकडे साठ मखमली पिशव्या कापून पडलेल्या होत्या.

वर माझ्या लेकीचं, मेरुएर्तचं, लग्न ठरलेलं. तिच्या पाठवणीसाठी मला दीडशे पिशव्या हव्या होत्या. मी उल्तुगनकडे गेले. शेजारणीला ती नाही म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, मी आहे."

"दिसतंय मला. नाही."

"आपा बसतील, मी फोटो पाठवीन, सगळं नीट होईल."

"तुझी लेक सासरी चाललीय की पार्सल?"

हे मला झोंबलं. "तुला काय जातंय बोलायला? माझ्या पाच नणंदा एका छपराखाली आणायच्या म्हणजे काय असतं, माहितेय तुला?"

"माहितेय. दोन लग्नांत त्यांना वाढलंय मी. भांडतात."

"मग?"

"मग भांडू दे. दीड वर्ष भांडला नाहीत, म्हणून सगळ्यांचे चेहरे असे टाइल्ससारखे झालेत."

मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकू आला तरी विचारलं नाही. पाचव्या दिवशी जेवताना नवरा म्हणाला, "मला वाटतं, पोरीला सगळ्यांनी डोळ्यांनी बघावं. माझ्या बहिणींनीसुद्धा." तो सहसा काही वाटून घेत नाही. मी उठले आणि ऐंशी माणसांसाठी हॉल सांगून आले. पंधरापैकी दोन दिवस उरले होते.

टाइल्स हलवायला दीड दिवस लागला. तोलेंदी घाम पुसत म्हणाला, "हे सगळं एका लग्नासाठी?"

"एका," उल्तुगन म्हणाली. "तो कोपरा राहिला बघ."

"परवा परत आणून ठेवायच्यात मला."

"परवाचं परवा."

पाठवणीच्या दिवशी ऐंशी माणसं आली आणि परीक्षेला बसल्यासारखी बसली. कोझाबेकने तीन विनोद केले, कोणी हसलं नाही. पहिली परात वाढली गेली. एकाच परातीत दहा हात घालायचे, हे सगळे विसरले होते. जो तो शेजाऱ्याने सुरुवात करायची वाट बघत होता. दोघीतिघींनी तर मांडीवर पिशव्या उघडून ठेवल्या होत्या. परात जशी गेली तशी परत आली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते. उल्तुगनने परातीकडे बघितलं आणि झारा खाली ठेवला. तिचा चेहरा असा मी जुलैतही बघितला नव्हता.

"दुसरी पाठवू?" एका बाईने विचारलं.

"पाठव."

तेवढ्यात बाहेर आवाज चढला. माझी थोरली नणंद तिसरीला म्हणत होती, "तू त्या खुर्चीवर बसलीसच कशी? ती वरची, मानाची जागा आहे."

"नाव होतं का खुर्चीवर तुझं?"

"नाव कशाला हवं? वय दिसत नाही?"

"दिसतंय. दोन वर्षांत दहाने वाढलंय."

दुसऱ्या नंबरची नणंद थोरलीच्या बाजूने उठली, धाकटी तिसरीच्या. नवरदेवाकडची माणसं वाकून बघू लागली, मग एकेका बाजूने मत देऊ लागली. भांडता भांडता थोरलीने नव्याने आलेल्या परातीतलं हाड उचललं, ते हलवत दोन वाक्यं बोलली आणि ओघात त्याचा लचका तोडला. तिसरीने लगेच दुसरं उचललं, ती काय मागे राहते! मग कोणाला कशाचं भान राहिलं नाही. दहा हात परातीत गेले. कोझाबेकने माइक सोडून स्वतःच बौरसाक तोंडात कोंबला.

दुसरी परात परत आली ती हाडांची. तिसरी आली तीही. उल्तुगनने हाडं बोटाने बाजूला करून खाली बघितलं, मांसाचा कण नव्हता. तिने चौथी कढई चढवायला सांगितली आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ कांदा चिरला.

तासाभराने एर्गेश धापा टाकत स्वयंपाकघरात आला.

"ताते, बाहेर दोन बायका मला धरून उभ्या आहेत. एकीला मुलाचं लग्न करायचंय, दुसरीला सासऱ्यांची सत्तरी. दोघींनाही नोव्हेंबरचा पहिलाच शनिवार हवा. कडाकडा भांडतायत. काय सांगू?"

"तोलेंदीला काय सांगितलंस?"

"दुसरीकडे जागा बघ म्हटलं." मग हळूच पुढे म्हणाला, "तोही बाहेरच बसलाय. जेवतोय. शनिवार कोणाला देऊ ते सांग ना."

उल्तुगनने हात एप्रनला पुसले, दार किलकिलं केलं आणि क्षणभर कान देऊन ऐकलं.

"डावीकडच्या बाईला दे," ती म्हणाली. "तिचे नातेवाईक जास्त भांडतील."