क्रूझवर शेगडी नेऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी

मंडळी, सुरतच्या सायबर कॅफेतून लिहितोय, कारण राग आवरत नाही.

सिंगापूरहून क्रूझ घेणार असाल, तर विजेची शेगडी नेऊ नका. जहाजावर चढतानाच सामान तपासतात आणि ती काढून घेतात. उतरताना परत देतात, तेव्हा तिचा काय उपयोग? बंदरावर जाताना जहाजातलं फळसुद्धा बाहेर नेऊ देत नाहीत.

आमची शेगडी गेली. माझी आई बाहेरचं शिजवलेलं खात नाही. ती तीन दिवस केळ्यांवर राहिली.

शेगडीचा सल्ला शेजारच्या वसंतरावांचा. गेल्या वर्षी ते त्याच जहाजाने जाऊन आलेत. "बिनधास्त न्या, आम्ही केबिनमध्ये रोज खिचडी करायचो," म्हणाले. त्याच भरवशावर मी आईला तयार केलं.

आज सकाळी आईला घेऊन त्यांच्याकडे फोटो दाखवायला गेलो. चहा देताना वहिनी सहज म्हणाल्या, "तुमचीही शेगडी घेतली का हो? आमची तर चढतानाच घेतली होती."

मी वसंतरावांकडे पाहिलं. ते हसले. "अहो, आमची एकट्यांचीच फजिती का व्हावी?"

बाहेर आई फक्त याच एका घरचा चहा घेते. तिने भरलेला कप तसाच खाली ठेवला.

सांगा, आता तिला त्या घरी पुन्हा कोणत्या तोंडाने नेऊ?