बसचं शेपूट

चोपन्न-पंचावन्न साली रिसोडच्या बसमध्ये माझ्या शेजारी कोटवाले एक अनोळखी गृहस्थ बसले होते. काही बोलायचं झालं की ते आधी टोपी काढून मांडीवर ठेवत. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला कंडक्टर बकरीच्या पिल्लासकट चढू देईना, तेव्हा टोपी मांडीवर आली.

"बस हे फ्रेंचांच्या ऑम्निबस शब्दाचं शेपूट आहे. मूळ लॅटिन. अर्थ, सर्वांसाठी."

कंडक्टर चिडला. त्याने दार सताड उघडलं. "या रे सारे, सगळ्यायसाठी हाये म्हन्ते."

म्हातारीमागून लग्नाचं अख्खं वऱ्हाड ढोल वाजवतच चढलं. बस हसून हसून डुलायला लागली.

म्हातारी गृहस्थांना चिकटून उभी होती. "त्या भाषेत बकरी बी धरली काय, भाऊ?"

त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि मांडी मोकळी केली.

"धरली हाये, माय. दे इकडे."