गोळीबरोबरचं दही

माझा स्वभाव संशयी आहे हे मी लहानपणापासून ऐकत आले, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा जरा अभिमानच होता. मी नालासोपाऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः बघा, हे मुलांना वर्षभर ऐकवायचे. त्यामुळे रविवारी भुईगावला माहेरी गेले आणि वहिनी वाडीत फुलं खुडायला वळली, की मी फळीवरचा डबा काढून आईच्या गोळ्या मोजायचे.

गोळ्या कंपवाताच्या. दोन हजार चार-पाच साल असेल. आईचा उजवा हात आधी थरथरायला लागला होता, मग चाल आखडली. दिवसातून तीन गोळ्या सुरू झाल्या आणि आई पुष्कळ सुधारली. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात अंग सैल व्हायचं, ती वाडीत एक फेरी मारून यायची. दोन वर्षं असं बरं गेलं. मग एका पावसाळ्यानंतर दुपारच्या गोळीचा गुण येईनासा झाला. उंबऱ्यापाशी आली की आईचे पाय जागीच अडकायचे. पुढे यायचं असायचं, पण पाऊल उचलायचं नाही.

भाऊ सकाळी सातला मुंबईला नोकरीला जायचा. घरात दिवसभर वहिनी आणि आई. दुपारी वहिनीची फुलांची घाई असते, तेव्हा ती गोळी द्यायला विसरते किंवा टाळते, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मोजल्यावर गोळ्या बरोबर भरायच्या. तरी माझं समाधान व्हायचं नाही. वाटायचं, एखादी टाकूनही देत असेल, कुणी पाहिलंय.

एवढी तगमग होण्याचं कारण होतं. आमच्या घरापासून चर्च दहा-पंधरा मिनिटांवर. आई लग्न होऊन भुईगावात आली तेव्हापासून रविवारची मिस्सा तिने पायी जाऊन ऐकली. ज्यांना चालवत नाही त्यांच्याकडे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर कम्युनियन, म्हणजे मिस्सातला प्रसाद, घेऊन घरी येतात. आईला त्याची धास्ती होती. एकदा माझा हात धरून म्हणाली, "फादर माझ्यासाठी या दारातून आत आले ना, की मी संपले असं समज. तेवढं होऊ देऊ नकोस." आमच्या घरची बोली लिहून काढली तर वसईबाहेर कुणाला कळायची नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं साध्या मराठीत देते आहे. पण ते वाक्य मला तिच्या बोलीतच आठवतं. मी हो म्हटलं होतं.

आता दह्याचं सांगते. त्याच पावसाळ्यात एका पेपरच्या पुरवणीत मी एक लेख वाचला. काही संशोधकांना असा संशय येऊ लागला होता, की हा आजार डोक्यात सुरू होतच नाही, पोटात सुरू होतो. आतड्यातल्या जिवाणूंचं काहीतरी बिनसतं, शरीराचे पहारेकरी चवताळतात, त्या मारामारीत आतड्याच्या नसा दुखावतात आणि ते दुखणं वर्षानुवर्षं सरकत मेंदूपर्यंत पोचतं. मी लेख तीनदा वाचला. आईला वीस वर्षं पोट साफ न होण्याचा त्रास होता. रात्रीचं इसबगोल कधी चुकलं नाही. थरथर सुरू व्हायच्या कितीतरी आधी तिला वास येईनासा झाला होता. वाडीतला मोगरा तिला नुसता पांढरा दिसायचा. सगळं जुळत होतं. आपल्याला डॉक्टरांच्याही आधी कळलं, या विचाराने मी हुरळून गेले.

चांगले जिवाणू म्हणजे दही. माझ्या घराजवळ, तुळिंजच्या बाजारात एका डेअरीत मडक्यातलं घट्ट दही मिळायचं. मी दर रविवारी ते भुईगावला न्यायला लागले. वहिनी त्याचंच विरजण लावून आठवडाभर पुरवायची. डॉक्टरांच्या चिठ्ठीत गोळी जेवणाआधी, रिकाम्या पोटी लिहिली होती. पण त्याने आईला मळमळायचं. मी वहिनीला सांगितलं, तिन्ही गोळ्या वाटीभर दह्याबरोबर दे, पोटही सांभाळलं जाईल आणि मूळ आजारालाही औषध होईल. वहिनी म्हणाली, "ताई, चिठ्ठीत तर वेगळं लिहिलंय." मी म्हटलं, "चिठ्ठी मी वाचलीय." दही सुरू झालं कधी आणि पाय अडकायला लागले कधी, हे मी एकदाही शेजारी ठेवून पाहिलं नाही. प्रयोगवहीत कुणी असं केलं असतं तर मी लाल पेनाने पान भरलं असतं.

मग राखेचा बुधवार आला, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. त्यात आई चाळीस दिवस मटण-मासळीला शिवायची नाही, आणि वर स्वतःची एखादी आवडती गोष्ट सोडायची. त्या वर्षी तिने दही सोडलं. मी चिडले, वाद घातला, जिवाणूंवर व्याख्यान दिलं. आई म्हणाली, "देवाला शब्द दिलाय," आणि विषय संपला. गोळ्या पुन्हा पाण्याबरोबर सुरू झाल्या.

दोन आठवड्यांत आई चालायला लागली. मी रविवारी पोचले तर ती मिस्साहून परत येताना गल्लीतच भेटली, वहिनीच्या हाताला नुसतं बोट लावून चाललेली. आळीतल्या बायका म्हणाल्या, उपासाचं फळ. भावाने मान डोलावली. मला ते पटलं नाही. माझा निष्कर्ष तयारच होता. उपवासकाळात पापाची भीती वाटते म्हणून वहिनी आता गोळ्या नीट देते आहे. हे मी भावाला बोलूनही दाखवलं. तो उठून अंगणात निघून गेला.

ईस्टरला घरात मटण शिजलं, दही परत आलं. पुढच्याच आठवड्यात आई पुन्हा उंबऱ्यात अडकली. माझा तोल सुटला. स्वयंपाकघरात, आई बाहेरच्या खोलीत बसलेली असताना, मी वहिनीला म्हटलं, "चाळीस दिवस देवाला घाबरलीस. आता कुणाची भीती नाही, म्हणून गोळ्या बंद का?"

वहिनी कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. "ताई, दही सुटलं तेव्हा त्या चालल्या. आठ दिवस दही बंद करून बघा."

मला तो शुद्ध कांगावा वाटला. शाळेला उन्हाळी सुट्टी लागताच मी आईला तुळिंजच्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. वहिनीने तिचे कपडे घडी करून पिशवीत भरले, चिठ्ठी वर ठेवली. तेही मला संशयास्पद वाटलं.

आता सगळं माझ्या हातात होतं. घड्याळ लावून गोळी, गोळीबरोबर वाटीभर दही, ताजं, बाजारातून चालत जाऊन आणलेलं. आई माझ्या डोळ्यांसमोर आखडत गेली. आधी मी मेडिकलवाल्यावर संशय घेतला, दुकान बदललं. मग डेअरीवर घेतला, डेअरी बदलली. गोळ्यांच्या कंपनीवर घेतला. एक माणूस तेवढा माझ्या यादीत नव्हता. तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी मोरीच्या दारात आईचे पाय अडकले, वरचं अंग पुढे गेलं आणि ती पडली. मी दोन हातांवर होते. खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मेंदूचे एक डॉक्टर तपासायला आले. वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी कशाबरोबर घेतात?" मी सांगितलं, अभिमानानेच सांगितलं. त्यांनी पेन बंद केलं. म्हणाले, दूध, दही, मटण, मासळी, या सगळ्यातली प्रथिनं आणि ही गोळी एकाच दारातून आत शिरतात. दारात गर्दी झाली की गोळी बाहेर राहते. मी त्यांना लेखाबद्दल विचारलं. मला काहीतरी धरायला हवं होतं. "पोटातून सुरू होतो हा आजार, असा संशय आहे खरा," ते म्हणाले. "उद्या सिद्धही होईल कदाचित. पण त्या संशयावर अजून कुठलं औषध निघालेलं नाही. निघालेलं औषध तुम्ही अडवत होतात."

मी जिन्यात जाऊन बसले. रडू आलं नाही, लाज वाटली. विज्ञान शिकवते म्हणून नाही. वहिनीने आठ दिवस मागितले होते, म्हणून.

मी तिला सांगितलं. भुईगावला जाऊन, स्वयंपाकघरात उभी राहून, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आईंना इकडेच आणा. तुमची शाळा सुरू होईल." माफ केलं असं काही म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

आई घरी आली, पण परत चालली नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर दारातून आत आले. वहिनीने टेबलावर पांढरं कापड घातलं होतं, मेणबत्ती लावली होती. आईने डोळे मिटून कम्युनियन घेतलं आणि फादर जाईपर्यंत ते उघडले नाहीत.

फादर गेल्यावर वहिनी पाणी आणि दुपारची गोळी घेऊन आली. आईने तोंड घट्ट मिटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू दे. हिच्या हातून नको."

त्या दिवशी ईस्टरनंतर स्वयंपाकघरात मी जे बोलले, ते बाहेरच्या खोलीत आईने ऐकलं होतं. मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, आई, वहिनीने एकही गोळी चुकवली नाही. चूक माझी होती, दह्याची होती. मीच तुझे पाय घालवले. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, दोनदा सांगितलं.

आईने थरथरता हात माझ्या गालावर ठेवला. "तू मनाची मोठी आहेस," ती म्हणाली. "घरात भांडण नको म्हणून स्वतःवर घेतेस."

वहिनीने गोळी माझ्या तळहातावर ठेवली आणि ती वाडीत निघून गेली. आईने तोंड उघडलं.