ठेका प्रज्ञाकडे

“मॅडम, माझ्या पोरीच्या गळ्यात हलगी कुणी अडकवली?”

प्रज्ञाचे वडील, सरवदे, सराव चालू असताना थेट हॉलच्या दारात येऊन उभे राहिले. अंगावर वायरमनचा खाकी शर्ट, हातात हेल्मेट. पंधरा मुली जागच्या जागी थांबल्या. मी स्पीकर बंद केला.

“मी दिली,” मी म्हटलं.

“मग तिला बॅग भरायला सांगा. आजच गावी नेतो.”

परंड्यात आमची छोटी संस्था आहे. आसपासच्या गावांतून अकरावीसाठी हॉस्टेलवर आलेल्या मुलींसाठी आम्ही डान्सचे सेशन घेतो. मी तिथं फॅसिलिटेटर आहे. म्हणजे स्टेप शिकवणारी बाई नव्हे. या मुलींचं घर सुटलेलं असतं, खोलीत तीन अनोळखी मुली असतात, कॉलेजात कुणी नावानं हाक मारत नाही. हे बोलून सांगता येत नाही. म्हणून आधी अंग मोकळं करायचं, एवढंच आमचं काम. बहुतेक मुली दोन-तीन आठवड्यांत रुळतात. प्रज्ञा दीड महिना भिंतीला टेकून उभी होती. काही विचारलं तर “व्हय” नाहीतर “न्हाय”.

पण गाणं लागलं की तिची बोटं मांडीवर चालायची. ठेका कधी चुकायचा नाही. ते बघून मी कपाटातली हलगी काढली आणि सरळ तिच्या गळ्यात घातली. तिनं वाजवली. बाकीच्या मुली तिच्याभोवती नाचल्या. मी खूश होऊन व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला. सरवद्यांनी तो खांबावरून खाली उतरल्यावर पाहिला होता.

त्यांना ऑफिसात बसवलं, पाणी दिलं. आमचे कोऑर्डिनेटर सर म्हणाले, “अहो, कला आहे ती. आता जमाना बदललाय.”

“बदललाय म्हणूनच आलोय, सर.” सरवद्यांनी आवाज चढवला नाही. “माझा आजा गावात हलगी वाजवायचा. हौस म्हणून न्हाय. कुणाचं लग्न असू द्या, कुणाचं मयत असू द्या, सांगावा आला की जायचं, आन् मांडवाच्या बाहेर उभं राहून वाजवायचं. धम्म घेतला त्या दिवशी त्यानं ती खाली ठिवली. तवापासून आमच्या घरात कुणी तिला हात लावला न्हाय. तुम्ही माझ्या पोरीला ती वाजवायला लावली, वर चार गावांत व्हिडिओ फिरवला.”

मी तुळजापूरची. वडील शाळेत क्लार्क होते. माझ्या लेखी हलगी म्हणजे जत्रेतली मजा. ती वाजवणारा कुठं उभा असतो, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “विचारायला हवं होतं.” व्हिडिओ त्यांच्यासमोरच डिलीट केला.

सरांनी मला बाजूला घेतलं. “शनिवारी कार्यक्रम आहे. दुसरी मुलगी घ्या. यांना जाऊ द्या.”

“ती घरी गेली तर कॉलेज सुटेल, सर.”

“मग काय करणार?”

“तिला विचारते. निदान आता तरी.”

प्रज्ञा आली. खाली बघत उभी राहिली.

“हलगीचं तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“व्हय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही गळ्यात घातली, ताई. सगळ्या बघत होत्या.”

ती वडिलांकडं वळली. “पप्पा, हलगी मला पण नको. पण घरी नेऊ नका. इथं ठेका माझ्याकडं हाय. मी थांबले की सगळ्या थांबतात.”

दीड महिन्यात तिच्या तोंडून एवढं बोलणं मी पहिल्यांदा ऐकत होते.

“मग ठेका धरशील कशावर?” सरवद्यांनी विचारलं.

“पायानं.”

“दाव बरं.”

हॉलमध्ये जाऊन तिनं फरशीवर टाच मारली. एकदा, दोनदा, मग न थांबता. एकेक करत चौदा जणी तिच्यामागं आल्या. सरवदे दारातच उभे होते. शेवटपर्यंत हलले नाहीत. मग मला म्हणाले, “कागद काय असंल तो द्या.” संमतीच्या फॉर्मवर त्यांनी सही केली आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘हलगी नाही.’

ते गेले तसं मी हलगी उचलून परत कपाटात ठेवली.

शनिवारी कार्यक्रमात मध्येच दोघी चुकल्या, ओळ विस्कटली. प्रज्ञानं टाच अशी आपटली की सगळ्या परत जागेवर आल्या. सरवदे तिसऱ्या रांगेत होते. नंतर मला एवढंच म्हणाले, “लई जोरात आपटती. टाच दुखंल तिची.”

तेव्हापासून मी कुणाच्या हातात आपणहून काही देत नाही. जे असेल ते सतरंजीवर मांडते आणि बाजूला बसते. जिला जे हवं ते ती उचलते, नको असेल तर नाही. यात अर्धा तास जास्त जातो आणि सर कुरकुरतात. मी टाइमटेबलच अर्ध्या तासानं वाढवून घेतलंय.